वस्ताद त्या संध्याकाळी कुठे होता

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरण्याची इच्छाही नाही. ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याला ठाणेदार होतो. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे गोटमार. जाम नदीच्या या काठावरून पांढुर्णा, त्या काठावरून सावरगाव, आणि दिवसभर दगडफेक. त्या दिवशी ठाण्यात कोणाला सुट्टी नसते आणि सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही. दिवेलागण होऊन गेल्यावर जखमींच्या गर्दीत बैलगाडीतून आणखी एक माणूस आला. डोके फुटलेले, शुद्ध हरपलेली. जवळच्या खेड्यातला संत्र्याचा बागायतदार, पस्तिशीतला. आणणाऱ्यांनी 'वाटेवर पडलेला दिसला, गोटा लागला असंन' म्हणून सांगितले आणि कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

डॉक्टरांनी त्याचा सदरा कापला तेव्हा पाठीवर लाठीचे लांब वळ दिसले. त्यांनी लगेच मला निरोप धाडला. दगडाने असा वळ उठत नाही, हे कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही. जखमीला नागपूरला हलवले आणि मी कलम ३०७ खाली खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. तो दगावला असता तर ३०२ लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जखमीचा चुलतभाऊ ठाण्यात आला. दोघांच्या बागा एकमेकांना लागून, विहीर सामाईक. रडून डोळे लाल झालेले.

"साहेब, आमच्या गावच्या वस्तादाले उचला. थोच आहे. आमच्या घरात तं लाठी कोनी धरत नाई. मी सोता आजपावतर साधी काठीबी फिरवली नाई."

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस मी लक्षात ठेवतो. पण त्या घटकेला माझे कान वस्तादाच्या नावाकडे होते.

वस्ताद म्हणजे गावातल्या बौद्ध वस्तीतला साठीला आलेला शेतमजूर. मिसरूड फुटले तेव्हापासून लाठी फिरवत आलेला. रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की वस्तीलगतच्या मोकळ्या जागेत पोरांना शिकवायचा. ती जागा आपली म्हणून जखमी बागायतदार तिथे काटेरी तार घालायला निघाला होता. त्यावरून आठवड्यापूर्वी बाजारात बोलाचाली झाली आणि त्याने चारचौघांत वस्तादाच्या कानाखाली वाजवली. वस्तादाने खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि चालता झाला. वस्तीतली पोरे पेटली होती. त्यांना त्यानेच घरी बसवले.

हे ऐकून कोणाला त्याचे कौतुक वाटले असेल. मला वाटले नाही. संशय ही आमच्या खात्याची भाकरी आहे. ज्याच्या मनगटात चार माणसे लोळवायची ताकद आहे तो भर बाजारात थप्पड गिळतो, तेव्हा ती त्याला पचली असे मी मानत नाही. तो सोयीचा दिवस शोधतो आहे, असे मानतो. आणि एखाद्याचे डोके फोडायला गोटमारीसारखा दुसरा दिवस कोणता?

वस्तादाला ठाण्यात बोलावले. वयाकडे बघून मी अहो-जाहो करत होतो.

"गोटमारीच्या संध्याकाळी कुठे होतात?"

"घरी नवतो साहेब."

"मग कुठे?"

"थे नाई सांगत जी."

"का?"

"पंचशील घेतलं आहे, खोटं बोलत नाई. आन् खरं सांगाचं नाई. तुम्ही तसंच लिवून घ्या."

रडणारे, शपथा घेणारे, चक्कर येऊन पडणारे मी पुष्कळ पाहिले होते. 'सांगत नाही' असे शांतपणे तोंडावर सांगणारा विरळा. सकाळी तोच प्रश्न विचारला, दुपारी फिरवून विचारला. खोटे बोलणारा माणूस अशा वेळी गोष्टीला झालर लावत जातो, कधी त्यात पाहुणा येतो, कधी हरवलेली बकरी. वस्तादाचे शब्द तेच राहिले, आवाजही तोच. माझ्या हवालदाराने टेबलावर काठी आपटून त्याच्या आईवरून शिवी दिली. वस्तादाच्या मानेची शीर तेवढी टरारली. त्याने एक लांब श्वास आत घेतला, सावकाश सोडला आणि म्हणाला, "तुमचं काम आहे, करा."

"लई मुरलेला आहे साहेब हा," हवालदार मला बाहेर येऊन म्हणाला. मलाही तसेच वाटत होते. ज्याने आयुष्यभर मार झेलण्याचा सराव केला, त्याच्यातून आम्ही काय काढणार? अटक करण्याइतका पुरावा नव्हता. त्याला रोज सकाळी बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे, असे चालले होते.

त्याची बायको ठाण्याच्या ओसरीवर बसून राहायची. एकदा तिने मला अडवले. "साहेब, काय थे एकदाचं करा. पोरायच्या मायबापायनं लाठ्या घराभाईर फेकल्या. वस्तादच असा निंघाला तं आमचे पोरं काय होतीन, मनून राहिले. मानूस जेवून नाई राहिला माहा." तिच्या नवऱ्याची अब्रू आणि त्याचा आखाडा दोन्ही पणाला लागले होते. मला तिची दया आली, पण दया येणे आणि संशय जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वस्तादाच्या आखाड्याची झडती घेतली. टिनाच्या छपराखाली लाठ्या होत्या, एक जमिनीवर आडवी पडली होती. हवालदार ती ओलांडणार तोच वस्तादाचा आवाज कडक झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"हवालदार साहेब, पाय मांगं घ्या. लाठीले वलांडत नाईत. बाजूनं जा."

जिच्यावर शिकायचे तिच्यावरून पाय न्यायचा नाही, हा आपल्याकडच्या सगळ्याच आखाड्यांचा दंडक असल्याचे त्याने सांगितले. पहिल्या दिवशी पोराला तेवढेच शिकवतात, लाठी हातात मागाहून देतात. हवालदार हसला, पण पाय त्याने मागे घेतला.

जप्त केलेल्या लाठ्या ठाण्याच्या ओसरीवर पसरल्या होत्या. मुन्शी एकेकीला चिठ्ठी बांधत होता. एक लाठी घरंगळून दाराच्या उंबऱ्याशी आडवी गेली. शिपाई तिच्यावरून आले-गेले, चहावाला गेला, मीही गेलो असेन. तेवढ्यात चुलतभाऊ आला. तो रोज यायचा, वस्तादाला आत टाकले की नाही ते विचारायला. घाईत होता. उंबऱ्याशी त्याचा पाय उचलला गेला आणि तसाच अधांतरी थांबला. मग तो पाय मागे घेऊन, भिंतीला अंग घासत, लाठीला वळसा घालून आत आला. आपण काय केले हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

मी त्याला बसवले, चहा पाजला, भावाच्या तब्येतीची चौकशी केली आणि बोलता बोलता त्याचे स्वतःचे लहानपण कुठे गेले तेही काढून घेतले. तो गेल्यावर एका शिपायाला साध्या कपड्यांत मोहगावकडे, त्याच्या मामाच्या गावी पाठवले. शिपाई बातमी घेऊन परतला. लहानपणची काही वर्षे भाचा तिथेच राहिला होता आणि मामाच्या गावच्या हनुमान आखाड्यात त्याच्यासारखा लाठी फिरवणारा दुसरा नव्हता.

लाठी शिकणे हा गुन्हा नाही. लपवणे मात्र संशयाला जागा देते. मी त्याला पुन्हा बोलावले.

"काठीसुद्धा फिरवली नाही म्हणालास ना?"

"हाव."

"मामाच्या गावचे लोक वेगळं सांगतात."

मग त्याने सामाईक विहिरीचा विषय काढला. उन्हाळ्यात जखमीने मोटरपंपाच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातले होते. "माह्या संत्र्याचा अख्खा आंब्या बहार गळला साहेब. झाडाखाली कवळे संत्रे पडलेले, आन् हा बांधावर उभा राहून पाहून राहिला होता." तेव्हापासून त्याने चकार शब्द काढला नव्हता. भावाशी हसून बोलत होता, पोळ्याला त्याच्या बैलांना ओवाळूनही आला होता. बाजारातल्या थप्पडीची बातमी ऐकली आणि त्याला हवा तो माणूस सापडला. गोटमारीला गाव रिकामे होते, भाऊ संत्र्याच्या राखणीला बागेत एकटा. दिवस बुडता बुडता त्याने मागून वार केला. लाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात खुपसली होती. पंचांसमक्ष ती त्यानेच काढून दिली.

जखमी वाचला. बोलणे अडखळत राहिले, पण घरी आला. चुलतभावाला शिक्षा झाली.

आरोपीने कबुली दिल्यानंतर काही दिवसांनी वस्ताद आपल्या लाठ्या न्यायला आला. सुपुर्दनाम्यावर सही केली. हवालदार बाहेर गेला तेव्हा मी म्हणालो, "आता तरी सांगा. त्या संध्याकाळी कुठे होतात?"

त्याने दाराकडे पाहिले.

"त्याच्याच बागेकडे गेल्तो साहेब. लाठी घेऊन. त्याले माराले."

मी खुर्चीत सरळ झालो.

"राग तं लई आला होता. थप्पड खाल्ली तवापासून झोप नवती. धुऱ्यापावतर गेलो आन् तिथंच बांधावर बसलो. पोरायले सांगतो ना मी, हात उचलाच्या आंधी श्वास धरा, सोडा. थेच करत बसलो. पयले तं राग वाढूनच राहिला होता. मंग लाठी बाजूले ठेवली. दिवस बुडाच्या आंधी उठलो, घरी आलो. लई हलकं वाटलं. म्हटलं, जिंदगीभराचं शिकनं आज कामी आलं. सकाळी आयकतो तं दोन बांध पुढं त्याले कोनीतरी मारलं." तो थांबला. "हे पोरायच्या कानावर गेलं असतं, तं कोनत्या तोंडानं त्याह्यले शिकवलं असतं?"

मग त्याने मला विचारले. "मी पुढं गेलो असतो साहेब, तं मले पाहून थो चुलतभाऊ पळाला असता आन् मानसाचा मार चुकला असता, का मीच मारलं असतं त्याले? सारे मनतात वस्ताद देवमानूस आहे. तुम्ही लई लोकं पायले. तुम्ही सांगा."

त्याच्या समाधानासाठी काही गोड बोलता आले असते. मी पोलीस आहे. मी म्हणालो, "तुम्हीच मारलं असतं."

त्याने मान हलवली. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झालेला मी पाहिला.

"मलेबी तसंच वाटते," तो म्हणाला.

राग दोघांनीही गिळला होता, आणि दोघांचेही चेहरे शांत होते. एकाने तो सोयीच्या दिवसापर्यंत जपून ठेवला, दुसरा त्या रागाजवळ बसून राहिला. बाहेरून हा फरक ओळखण्याची हातोटी मला पुढच्या नोकरीतही साधली नाही, आणि शांत माणसावर संशय घेणे मी कधी सोडले नाही. पण संशय माणसाला नुसता छळतो असे मी समजत होतो. तो बरोबर जागी घेतला तर माणसाला हलकेही करतो, हे मला त्या वस्तादाने शिकवले. लाठ्यांचा भारा खांद्यावर घेऊन त्याने मला जयभीम केला, आणि मी उभा राहून त्याला जयभीम केला.