एकाच नळाच्या चार बाटल्या

सुधाकरचा फोन आला तेव्हा मी टाकीवर ब्लिचिंग पावडर कालवत होतो. "दिगू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. कौसल्यामावशी गेली... आणि खोटं कशाला सांगू, आधी मला हायसं वाटलं. आता ती मला पाण्याचं विचारणार नाही, हेच मनात आलं. दीड महिना झाला, पण त्या क्षणाची लाज अजून अंगावरून उतरत नाही.

मावशी माझ्या आईची मैत्रीण. सेलू तालुक्यातलं आमचं गाव नाल्यानं दोन भागांत विभागलेलं. अलीकडे गावात नळ, पलीकडे मावशीच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, हातपंप. त्याला आम्ही बोरिंग म्हणतो. बोरिंगचं पाणी चवीला गोड, त्याचा मावशीला कोण अभिमान! आई वारल्यावर तिनं मला कधी उपाशी परत पाठवलं नाही. घाईत असलो की म्हणायची, "मोठा सायब झाला काय बे? गुमान जेवून जाजो."

मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. विहीर, नळ, बोरिंग, जिथलं पाणी लोक पितात तिथली बाटली भरायची, चिठ्ठी लावायची आणि तपासणीला पाठवायची. सुरुवातीला इमानदारीनं केलं. मग एका पावसाळ्यात नाला भरून वाहत होता आणि बाटल्या त्याच दिवशी द्यायच्या होत्या. मी चारही बाटल्या माझ्या घरच्या नळाखाली भरल्या, चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या लावल्या. अहवाल चांगला आला. पुढच्या खेपेला नाला कोरडा होता, तरी मी घरीच भरल्या. मग तसंच चालत राहिलं.

इकडे मावशी वाकत गेली. आधी कंबर धरली, मग मान वळेना. हाक मारली की अख्खी फिरून बघायची. आम्ही म्हटलं, वय झालं. तिची नात परी हसताना तोंडावर हात धरू लागली, दातांवर तपकिरी पट्टे आले होते म्हणून. आम्ही म्हटलं, पोरगी दात घासत नाही. मावशी मात्र भेटली की विचारायची, "दिगू, पानी पास झालं ना रे?" मी म्हणायचो, "झालं, मावशी."

वर्ध्याच्या दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरांनी हाडांचे फोटो उजेडात धरून विचारलं, "आजी, पाणी कुठलं पिता?" मावशी त्यांच्यावरच उखडली. "आमचा दिगू सोता तपासते पानी. त्याच्यावर शक घेता काय?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. तिथं बोललो असतो तर निदान पोरीचं पाणी तरी तेव्हाच बदललं असतं. मावशीनं त्यानंतर खाट धरली ती कायमचीच.

तेरवी झाल्यावर मी नाला ओलांडून बोरिंगची खरी बाटली भरली. फ्लोराईड जास्त, पिण्यास अयोग्य, असा अहवाल आला. मावशीची हाडं आणि परीचे दात त्यानंच बिघडवले होते. तो घेऊन सुधाकरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं माझी कॉलर धरली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. त्याच्या बायकोनं, मंदानं, आल्या आल्या माझ्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला होता; तो उचलून तिनं मोरीत ओतला. मग परीच्या दप्तरातली बाटली काढून तीही ओतली. "भाऊजी, पोरीले आता कोन्तं पानी देऊ, तेवढं सांगा."

मी ग्रामपंचायतीत लेखी कबुली दिली. बोरिंगवर पिण्यास मनाईचा लाल रंग लागला, टोल्यावर टँकर येतो, नळाचं काम निघायचं आहे. टँकरचा भरवसा नाही, म्हणून मंदानं मावशीचा पितळी गुंड, पाणी भरायची तिची घागर, माझ्या हाती दिला. मावशीनं तो चिंचेनं घासून घासून पातळ केलेला, गळ्यापाशी तिच्या पकडीची जागा झिजलेली. रोज सकाळी माझ्या नळाखाली तो भरतो, खांद्यावर घेऊन नाला ओलांडतो. मंदा दारातच पाणी ओतून घेते आणि गुंड परत देते. त्या घरानं मला अजून 'बसा' म्हटलेलं नाही.