नकाशात नसलेली विहीर

ज्या भूमीवरून साम्राज्य आकाशात झेप घेणार, तिथे माणसाने मस्तक नमवूनच पाऊल टाकावे, असे अमरावतीचे माझे वकील मित्र बापूसाहेब आगगाडीत सांगत होते. अकोल्याबाहेरच्या त्या लष्करी विमानतळावर मी मस्तक नमवलेही. फाटकावरची काटेरी तार माझ्या कपाळाच्या उंचीवर होती.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही सकाळी अकोल्याला उतरलो आणि बंडीने (बैलगाडीने) निघालो. दोन्हीकडे कपाशी होती. मग ती एकदम संपली आणि रोलर फिरवून सपाट केलेली जमीन सुरू झाली. बंडीवाल्याने बैल थांबवले. "आमची वावरं (शेते) होती हे," तो म्हणाला, आणि बैल पुन्हा हाकले.

बापूसाहेबांची अशील मथुराबाई माळीण तारेबाहेर वाट पाहत होती. नवऱ्यामागे तिनेच बाग राखलेली. बहुतेक शेत विमानतळात गेले होते. उरलेल्या पट्टीतला झेंडू कळीवर आला होता आणि दसरा बारा दिवसांवर होता. विहीर मात्र तारेच्या आत राहिली. मथुराबाईचे वर्षभराचे घर त्या फुलांवर चाले. मी एका झाडाला हात लावला, तर खालची पाने कुरकुरली.

तिने आधी आम्हाला जेवू घातले: भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. पाणी तिने कोसभरावरून डोक्यावर आणले होते. मी दुसरा पेला मागितला नाही.

"वावर नेलं, मी काई म्हणत नाई," ती म्हणाली. "लढाई हाय म्हणतेत. पन इहीर काहून (का) नेली, भाऊ? इहिरीले का पंख हायेत?"

तळाचा कप्तान तरुण आणि सभ्य इंग्रज होता. त्याने चहा मागवला, विहिरीचे पाणी घेऊ देण्याचा अर्ज वाचला, भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि मनापासून दिलगिरी दाखवली. नकाशात विहीर नव्हती. नसलेल्या विहिरीची परवानगी तो कशी देणार? बापूसाहेबांनी हे मराठीत सांगितले.

दाराशी उभी असलेली मथुराबाई म्हणाली, "मंग हा चा कायच्या पान्याचा केला, पुसा त्याले."

बापूसाहेबांनी याचे भाषांतर केले नाही. काय गाळावे हे वकिलाला कळावे लागते.

माझी नजर नकाशाशेजारच्या हुकमावर गेली. तळ वरून शेतासारखा दिसावा, शत्रूला ओळखू येऊ नये, असा तो हुकूम होता. मी बापूसाहेबांना खूण केली. कोर्टातल्या सवयीने ते उठून उभे राहिले. बाई अर्ज मागे घेत आहे, ते म्हणाले. तिला आता फक्त तळाची काळजी आहे. शेजारची बाग वाळली, तर हा तारेचा चौकोन आकाशातून उघडा पडेल.

कप्तानाने मोटेच्या बैलांच्या खुणा विचारून घेतल्या आणि पास लिहिला: एक स्त्री, दोन बैल, पैकी एकाचे डावे शिंग मोडके.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर साताऱ्याकडच्या हवालदाराने बैलासमोर उभे राहून कागद वाचला. "डावं लिवलंय. ह्याचं उजवं मोडलंय."

"बैलाच्या अंगानं पाह्य ना, बाप्पा!" मथुराबाई ओरडली. "तुया उजवा हात त्याले कायले लावतं?"

हवालदार वळून बैलाशेजारी उभा राहिला, आणि शिंग बरोबर निघाले. मोट भरून आली, पाणी पाटात पडले. मथुराबाई पाटात पाय रोवून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. आम्ही दोघे उगाच दुसरीकडे पाहत होतो.

खंडेनवमीला पुण्याला परतताना मी पुन्हा तिथे गेलो. माळ्यांच्या रीतीप्रमाणे पहिली माळ मोटेच्या चाकाला घातलेली होती. दुसरी हवालदाराच्या बंदुकीला होती.

एका बाईची तहान कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. तिला लढाईचा गणवेश चढवला, तेव्हा ती बसली. हा विचार मी पुण्यापर्यंत गंभीरपणे घेऊन आलो. त्याच्यासोबत हवालदाराने सांगितलेली एक गोष्टही आली. झेंडू असा फुलला आहे, की नव्या वैमानिकांना तळाची खूण म्हणून आता तेच पिवळे शेत सांगतात.