पहिले तू

आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला आणि आमच्या घरातला 'हो' हा शब्दच संपला. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं, "नाही!" दूध नाही, आंघोळ नाही, चड्डी तर नाहीच नाही. बरं बाबा, नको घालू चड्डी म्हटलं, तर तेही नाही. मी मलकापूरला शाळेत शिकवते. माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा वह्या काढून बसतात. आणि घरी मी चमचाभर वरणभातासाठी हात जोडून उभी! मोबाईलवरच्या बायका सांगायच्या, मुलाला दोन पर्याय द्या. दिले. लाल चड्डी की निळी? "नाही." त्या बायकांना एकदा आमच्या घरी मुक्कामाला बोलवावं असं मला फार वाटायचं.

वाट सापडली ती नवऱ्यामुळे, आणि तीही चुकून. खोकल्याचं औषध द्यायचं होतं आणि पोरगं दात आवळून बसलेलं. नवरा वैतागला. "अरे, विष आहे का काय हे?" म्हणत त्यानं स्वतःच चमचा चाटला. पोरगं टक लावून बघत राहिलं आणि मग आ करून उभं! त्या दिवसापासून त्याचा 'नाही' थोडा लांबला. "नाही. पहिले तू."

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! पहिले बाबांनी कारल्याची भाजी खायची, मग तो. पहिले मी डोक्यावर तांब्या ओतून घ्यायचा, मग तो. मी शाळेत ओल्या केसांनी जायची आणि नवरा एकदा गालाला पावडर अन् कपाळाला काळी तीट लावून तसाच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला. दिवसभर त्याला कुणी काही बोललंही नाही. पण पोरगं जेवत होतं, न्हात होतं, म्हणून आम्ही हूं की चूं केलं नाही.

जावळ तेवढं राहिलं होतं. आमच्याकडे पोराचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आणि काढायचे ते विषम वर्षातच. तिसरं हुकलं की थेट पाचवं. इकडे केस खांद्यावर आलेले, उन्हाळा पेटलेला, मानेवर घामोळ्या. सुट्टी लागली तशी मी पोराला घेऊन माहेरी सुलतानपूरला गेले.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. वांगी, टमाटे, मिरच्या पिकवतो आणि स्वतःच्या गाडीत घालून बाजाराला नेतो. कमावता आहे, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. पण पोरगा शेती करतो म्हटलं की मुलीवाले अर्धा चहा टाकून उठायचे. कितीतरी स्थळं अशी गेली. त्या उन्हाळ्यात मात्र जवळच्या बीबी गावचं एक स्थळ जुळत आलं होतं. मुलगी दवाखान्यात नर्स. पाहणं झालं होतं, दोघांची पसंती होती, आणि भाऊ मिरच्या तोडताना शिट्टी वाजवायला लागला होता. रविवारी मुलीचे वडील घर अन् शेत पाहून बोलणं पक्कं करणार होते. जावळ आम्ही शुक्रवारी धरलं.

अंगणात पाट मांडला. भाऊ पोराला मांडीवर घेऊन बसला. न्हावीकाकांनी वस्तरा काढला मात्र, आमचे राजे कडाडले, "नाही!" आईनं पेढा दाखवला, मी मोबाईल दाखवला, शेजारणीनं तर शेळीचं पिल्लू आणून उभं केलं. "नाही!" मग त्यानं मामाकडे बोट केलं. "पहिले तू."

भाऊ हसला आणि न्हावीकाकांकडून कानाजवळची एक बट कापून घेतली. पोरानं मान हलवली. बोट सरकलं आणि मामाच्या मिशीवर जाऊन टेकलं. "हे."

आता या मिशीबद्दल सांगायला पाहिजे. जाड, काळीभोर, टोकाला पीळ दिलेली. भाऊ तिला रोज तेल लावायचा. आणि आमच्याकडे मुलगा मिशी काढतो ती बाप गेल्यावर. आमचे आबा तर समोरच बाजेवर शेंगा फोडत बसलेले!

न्हावीकाकांनी वस्तरा खाली ठेवला. "वडील समोर बसले हायेत. मी हात लावणार नाही."

"अवं माय, असं अभद्र काही करू नको रे," आई म्हणाली.

"खबरदार!" मी ओरडले. "परवा पाहुणे येऊन राह्यले!"

त्या दिवशी अंगणात जो तो 'नाही'च म्हणत होता. भाऊ पोराकडे बघत होता. त्याच्या मानेवरच्या घामोळ्या खाजवत म्हणाला, "ताई, मिशी महिन्यात येते. याचं जावळ दोन वर्षांनी येईन." मग आबांना विचारलं, "आबा, काढू का?"

आबांनी शेंगदाणा तोंडात टाकला. "काढ बे. मी मेलो का जिता हावो, हे तुह्या मिशीवरून थोडीच ठरते?"

न्हावीकाकांनी तोंड फिरवलं, म्हणून भावानं स्वतःच आरसा घेतला. ओठावर कापलंसुद्धा. मिशी गेली, मामाचं नवं तोंड पाहून पोरगं खदखदून हसलं आणि शहाण्यासारखं डोकं पुढे करून बसलं. जावळ झालं. मला इतका आनंद झाला की रविवारचा मला विसरच पडला.

संध्याकाळी भाऊ दूध घालायला चौकात गेला आणि गावात बातमी फिरली. दिवेलागणीला आबांची एक चुलतबहीण दारातच गळा काढत आली, "दादा, असा कसा गेलास रे!" दार उघडायला आबाच गेले. "कोण गेलं वं?" त्यांनी विचारलं. बाई मटकन खालीच बसली. तिला पाणी पाजलं, वर चहा पाजला, आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

शनिवारी सकाळी मध्यस्थाचा फोन आला आणि हसणं बंद झालं. बीबीपर्यंत गेलं होतं सगळं. "अशा दुःखात कुठं बोलणी करता? वर्षभर राहू द्या." आबांनी फोन हातात घेतला. "अरे, मीच बोलून राह्यलो!" पलीकडच्यानं फोनच ठेवून दिला. तासाभरानं पुन्हा फोन. मुलीचे वडील म्हणत होते, बाप जिता असताना मिशी काढणारा जावई आम्हाला नको.

भाऊ उठून गाडीकडे गेला. क्रेट उचलून गाडीत ठेवत राहिला. शिट्टी नाही की काही नाही. मला असा संताप आला! पोरावर ओरडले, आईवर ओरडले, न्हावीकाका घरी गेले होते म्हणून वाचले. मग मोरीत जाऊन रडले. माझ्या पोराच्या एका 'नाही'पायी माझ्या भावाचं लग्न मोडत होतं.

"रडून काय होते?" आबा दारातून म्हणाले. "ऊठ, साडी बदल. मले दाखवून आणा."

आम्ही भाजीच्या गाडीतून बीबीला गेलो. पुढे भाऊ, आबा आणि त्यांच्या मांडीवर चकोट झालेलं आमचं पोरगं. मी मागे वांग्यांच्या क्रेटवर. मुलीचे वडील ओसरीवर होते. त्यांच्या मिशा भावाच्या मिशीपेक्षा जाड. आबा जाऊन सरळ त्यांच्यासमोर बसले. "घ्या, टोचून पाहा. जिता हावो का नाही?"

त्यांनी टोचलं नाही, पण हसलेही नाहीत. मुलगी पाणी घेऊन आली. पोराला ग्लास दिला. "नाही. पहिले तू." तिनं कुणाकडे न बघता घोटभर पाणी पिऊन दाखवलं. मग त्यानं घेतलं. दवाखान्यात रोज हेच करत असणार, सवयीचा हात होता. तिनं भावाकडे पाहिलं. ओठावरची जखम तिच्या नजरेतून सुटली नाही.

"न्हाव्यानं कापलं?"

"न्हावी नाही म्हणला," भाऊ खाली मान घालून बोलला. "आबांले विचारून मीच काढली. याचं जावळ राहून गेलं असतं."

तिच्या वडिलांनी घसा खाकरला. ते काही बोलायच्या आत ती पोरासमोर उकिडवी बसली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मी येऊ का रे तुह्या मामाच्या घरी?"

मी पोराला ओढायला पुढे सरकले. अगं बाई, याला काय विचारतेस! याला एकच उत्तर येतं!

"नाही!" पोरगं खणखणीत म्हणालं.

"नाही म्हणतो? मग तर येणारच मी," ती म्हणाली आणि उठून वडिलांकडे बघत उभी राहिली.

वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. लेकीकडे पाहिलं, माझ्या भावाच्या बोडक्या ओठाकडे पाहिलं, आणि घरात हाक मारली, "अवं, वाटीत साखर आणजो."

साखर आली. पहिली चिमूट त्यांनी आमच्या पोराच्या तोंडाजवळ नेली. त्यानं ओठ मिटून घेतले आणि त्यांच्या मिशांकडे बोट केलं. "पहिले तू."

मुलीच्या बापानं पहिले स्वतःच्या तोंडात साखर टाकली.