तोंड फिरवून दिलेलं मत

मतदानाच्या आडोशात गेली की आत्या भिंतीकडं तोंड करायची. "मत गुप्त असतंय," म्हणायची, "आपनसुदा बगू न्हाई."

कळंबमध्ये सगळे तिला आत्याच म्हणत. गुऱ्हाळावर उकळती काकवी सांडून तिच्या दोन्ही हातांची बोटं कायमची आखडली होती. शिक्का धरता येईना, म्हणून सोबत भाचा जायचा. ती कानात चिन्ह सांगायची, तो शिक्का मारायचा, आणि तेवढा वेळ ती भिंत बघत राहायची. तुम्ही हसाल, आम्हीही हसायचो. पण त्या दिवशी ती ठेवणीतलं पांढरं पातळ नेसायची आणि वाटेत भेटेल त्याला सांगायची, "ह्ये मत आमाला कुनी दान दिल्यालं न्हाय."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शिकवायचो त्या शाळेत तालुक्याहून दोन कर्मचारी मतदानाचं नवं यंत्र दाखवायला आले. उमेदवारांच्या जागी फळांची चित्रं होती : पेरू, डाळिंब, केळी. आत्या पहिली उठली. "पेरू!" मोठ्यानं म्हणाली आणि भिंतीकडं वळली. भाच्यानं पुढं होऊन बटण दाबलं. पींऽ आवाज झाला. दिवा डाळिंबापुढं लागला.

सगळे खो खो हसले.

"आरं, पेरू म्हनले ना मी?" वळून आत्याही हसली.

भाचा गोंधळला. "दोन नंबरची सवय हाय गं हाताला," बोलून गेला.

हसू थांबलं. तो ज्या पुढाऱ्याच्या जीपमधून फिरायचा, त्याचं नाव मतपत्रिकेवर दर वेळी दुसऱ्या नंबरला असायचं. आणि आत्याचं त्या पुढाऱ्याशी हाडवैर.

"म्हंजी इतकी वर्सं?" तिनं विचारलं.

कर्मचारी वायर गुंडाळू लागला. आम्ही खाली बघत बसलो. लाज भाच्याला वाटायला हवी होती, ती आत्यालाच वाटली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "माजंच चुकलं. म्या कदी बगितलंच न्हाय."

त्या वर्षीची निवडणूक मात्र कागदी मतपत्रिकेवरच झाली. आत्या एकटी आली. रांगेत मी तिच्या मागंच उभा होतो. ती आडोशातून लवकर येईना. रांग कुरकुरली, "आत्या, उरका की!" अखेर बाहेर आली, दोन्ही मनगटं जांभळ्या शाईनं बरबटलेली. "शिक्का नीट पडला का, ठावं न्हाय," पुटपुटली, "पर माजा मी मारला."

यंत्र आमच्या केंद्रावर आलं तेव्हा आत्या नव्हती. ते बटण तिला बोटाच्या सांध्यानंसुद्धा दाबता आलं असतं.

भाचा रांगेत माझ्या पुढं होता. शाईसाठी त्यानं बोट पुढं केलं. मान वर केली नाही. मग आडोशात गेला. पींऽ व्हायला फार वेळ लागला. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही.