शकुनाचा दहीभात आणि कुशीतला खडा

माझ्या डाव्या कुशीत एक खडा राहायला आला होता आणि जागा सोडायला तयार नव्हता. लढाईचे दिवस होते. मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून. कळ आली की मी तंबाखूनं ठासून भरलेल्या बोदांवर असा गडाबडा लोळे की हमाल काम टाकून बघायला जमत. सुरुवातीला त्या गर्दीची मला मौजही वाटे. पुढे तीही संपली. हुलग्याचं कढण पिऊन पिऊन घामालासुद्धा हुलग्याचा वास यायला लागला, पण खडा हलेना. शेवटी नुसता थकवा उरला. दुखण्यापेक्षा पुढच्या कळेची वाट बघण्याचा.

बेळगावच्या दवाखान्यात कुशीचा एक्स-रे फोटो काढला. सर्जनांनी तो खिडकीशी धरला. "खडा मूत्राशयात असता तर खालून हत्यार घालून आतच फोडला असता. हा वर अडकलाय. कुशीत कापावं लागेल. मूत्रपिंड चांगलं असलं तर वाचवतो, सडलं असलं तर काढून टाकावं लागेल. जितका उशीर, तितका धोका."

"कापा!" मी छाती काढून म्हणालो.

गुरुवार ठरला. आदल्या रात्रीपासून पोटात काही जायचं नव्हतं. बुधवारी मी, लढाईमुळं पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं निघालो. तवंदी घाटात मोटार दमली आणि सगळे ढकलायला उतरले.

"तुमी का बसलाय?" ड्रायव्हर ओरडला.

"माझ्या पोटात दगड आहे."

"मग तुमी आधी उतरा, तेवढंच वजन कमी हुईल!"

रात्री वडगावला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे उतरलो. तिच्या घरी चार माग. तिनं मला जेवण दिलं नाही, पाणीही लपवून ठेवलं. सकाळी मात्र उंबऱ्यात उभी राहिली आणि दहीभाताचे चार घास तिनं आपल्या हातानं माझ्या तोंडात घातले. मीही निमूट गिळले.

दवाखान्यात बरोबर आलेल्या आक्काला बाहेर बसवलं आणि मी टेबलावर आडवा झालो. भूल देणाऱ्यानं सहज विचारलं, "काही खाल्लंत?"

"छे! नुसता दहीभात. चार घास."

मग बाहेर जो आरडाओरडा झाला, त्यात आक्काचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "खाल्लं कुठं वो? त्यो शकुन हाय! शकुनाला कुणी खानं म्हनतंय व्हय?"

"बाई," सर्जन म्हणाले, "भुलेत उलटी झाली आणि तुमचा शकुन फुप्फुसात गेला, तर भाऊ उठायचा नाही." पुढचा गुरुवार मिळाला. असलं काम ते फक्त गुरुवारीच करत.

तो आठवडा मी मागांच्या खटखटीत काढला. ताप चढला. लघवी गढूळ झाली. मूत्रपिंड आत कुजत असेल, असं रोज वाटायचं. शेजारणी येऊन आपापल्या सासऱ्यांच्या खड्यांच्या गोष्टी सांगत, आणि त्यातले बहुतेक सासरे शेवटी मरत. मी मात्र विनोद करायचं सोडून दिलं होतं. आक्काला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या गुरुवारी टांगा दाराशी आला. आक्का वाटी घेऊन पुढं झाली, माझ्याकडं बघितलं, आणि वळून ती टांगेवाल्याच्या हातात दिली. "खा रं तूच. तूच न्हेनार हाईस." त्यानं मिशा पुसत सगळी वाटी संपवली.

या खेपेला मी छाती काढली नाही. भीतीसुद्धा दमून गेली होती. "एकदाचं करा," एवढंच म्हणालो, आणि क्लोरोफॉर्मच्या गोड वासात बुडालो.

शुद्धीवर आलो तेव्हा कुशीतून रबराची नळी निघालेली होती. सर्जन म्हणाले, "खडा काढला. पू झाला होता, पण मूत्रपिंड राखलंय. काम करील." आक्का भिंतीकडं तोंड करून रडली, मग डोळे पुसून खाटेशी आली.

"दुखतंय व्हय रं?"

"लई."

"आदीसारखंच?"

मी जरा अंदाज घेतला. "न्हाय गं. ह्ये जखमेचं दुखनं हाय. भरून येईल."

"मग झोप," ती म्हणाली. मी झोपलो.