लंडन ते अ‍ॅमस्टरडॅम, सव्वा तास

नवघरच्या मनोरमाबाई दारावर येईल त्याला आपल्या मुलांमधलं अंतर सांगायच्या. मुलगा कौस्तुभ लंडनला, मुलगी समिधा अ‍ॅमस्टरडॅमला. "विमानाने सव्वा तास. म्हणजे हाकेच्याच अंतरावर की!" राई गावाहून मासे घेऊन येणारी शेवंती एकदा सहज बोलून गेली, "मंग भाऊबीजंला जात असंल भाऊ?" मनोरमाबाई टोपलीतले बोंबील खालीवर करू लागल्या.

कुठला जातोय! पंच्याण्णव साली त्यांचे यजमान हरिश्चंद्र गेले, तेव्हा कौस्तुभ आधी पोचला. समिधाचं विमान वाटेत होतं. मंडळी खोळंबली होती, भटजी घड्याळ बघत होते. कौस्तुभने उचलायला सांगितलं. समिधा बॅग घेऊन जिना चढली, तोवर पुरुष अंघोळी करून बसले होते. "दोन तास थांबला नाहीस माझ्यासाठी," एवढंच ती भावाला म्हणाली आणि पुढे तेवढंही बोलली नाही. बापाचा हट्ट दोघांत समसमान उतरला होता. मधल्यामध्ये आईचा जीव तुटायचा.

शेवंतीचं बोलणं बाईंना लागलं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी त्यांनी फोनवर रडून कौस्तुभला भंडावून सोडलं. शेवटी तो कबूल झाला. "सकाळी नऊचं विमान, सव्वाअकराला पोचतं. संध्याकाळी पाचला निघून सव्वापाचला परत."

"जायला सव्वादोन तास आणि यायला पंधरा मिनिटं? हे रे काय?"

"तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, आई."

"असू दे. समिधा येईलच तुला घ्यायला."

हे त्यांनी आपल्या मनानेच ठोकून दिलं. परदेशातून कोणी यायचं म्हटलं की इथे अर्धी बिल्डिंग हार घेऊन सहारच्या विमानतळावर जायची. सख्खी बहीण जाणार नाही, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. समिधाला मात्र त्यांनी सांगितलं, "ताट तयार ठेव, तो दारात येतोय."

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कौस्तुभचा फोन आला. "ती आलीच नाही. दिवसभर एअरपोर्टवर बसून होतो. मी काय तिच्या दारात भीक मागायला जाऊ? आता पुन्हा सांगू नकोस." बाई "अरे, ऐक तरी" म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला.

मग समिधाचा. बाई घाईघाईने सांगू लागल्या, चूक माझी गं, मीच त्याला म्हटलं तू घ्यायला येशील, तो तिथे वाट बघत बसला...

"विमानतळावरून माझं घर ट्रेनने वीस मिनिटं आहे, आई." समिधाचा आवाज शांत होता. "दिवेलागणीपर्यंत पाट मांडून बसले. मग ताट वाया कशाला घालवायचं? खिडकीतून कोर दिसत होती. चंद्राला ओवाळलं."

चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बायका. हे बाईंना कोणी समजावून सांगायला नको होतं. फोन ठेवून त्या पदर तोंडाशी धरून खूप रडल्या.

दोन दिवसांनी शेवंतीने दारात टोपली उतरवली. "गेलता का न्हाय भाऊ, ताई?"

"नाही गं," मनोरमाबाई म्हणाल्या. "फार लांब आहे ते."