हक्क सोडण्याआधी

शेजारच्या परड्यात काजूच्या बिया भाजल्या जातात, तेव्हा तो तेलकट, घशाला झोंबणारा धूर माझ्या वकिलीच्या कार्यालयात शिरतो आणि मी मालवणच्या एका जुन्या दुपारी जाऊन बसते.

बाबांचे बारावे नुकतेच झाले होते. भाऊ मला वकीलकाकांकडे घेऊन आला होता; त्यांच्या खिडकीतूनही असाच धूर आत येत होता. मिठबावचे घर आणि हापूसची कलमे यांवरचा माझा हक्क मी सोडते, अशा कागदावर मला सही करायची होती. मन सुन्न होते. हातातल्या पेनाचा गारवाही जणू दुसऱ्याच कोणाच्या बोटांना जाणवत होता.

"काका, सांजच्या गाडीन माका मुंबैक जावचा आसा," भाऊ म्हणाला. "तिची कायच हरकत नाय."

"हरकत नाय म्हणजे खुशी न्हय रे. गाडी तुजी, सही तिची."

सुतकातून उठलेल्या बहिणीची अशी सही काका कधीच घेत नसत. त्यापायी कित्येक अशिले दुसऱ्या वकिलाकडे गेली होती.

"वर्षश्राद्ध होवंदे," ते म्हणाले. "तेव्हाय तिका हक्क सोडूचो असलो, तर मीच कागद करतंय."

भाऊ तडक बाहेर गेला. मला ती निव्वळ चालढकल वाटली. वर्ष सरल्यावर मात्र मी सही केली नाही. कलमे आजही दोघांच्या नावावर आहेत. घाईने आलेल्या अशिलाला आता मीही आधी बसवून ठेवते.

त्या दुपारी भाऊ बाहेर गेल्यावर काकांनी माझ्या बोटांतले पेन अलगद काढून घेतले, त्याला टोपण लावले आणि कितीतरी दिवसांत मला कोणीच न विचारलेले विचारले, "जेवलंस?"